आमच्या दारचा राजदूत

जव्हार हे एके काळी संस्थान होते. मुकणे घराण्याने तेथे सुमारे सहाशे वर्षे राज्य केले. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि गावाबाहेरचा जयविलास राजवाडा तेवढा मागे उरला. जेथे राजाच नाही तेथे राजदूत कोठून येणार, असे कोणीही विचारील. परंतु संस्थान विलीन झाल्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, १९८९ साली, एक राजदूत माझ्या दारी येऊन उभा राहिला. तो दोन चाकांवर आला, आणि आला तोच निळसर धूर सोडीत.

राजदूत हे एका मोटारसायकलीचे नाव होय. पोलंड देशातील एका गाडीच्या नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने साठीच्या दशकात ती आपल्या देशात बांधावयास प्रारंभ केला. इंजिन सुमारे १७५ घनसेंटिमीटरचे, बांधा दणकट, आवाज असा की पाड्यावरील म्हाताऱ्या माणसांनी तिला ‘फटफटी’खेरीज दुसरे नाव कधी दिले नाही. माझी गाडी मी घेतली तेव्हाच दहा वर्षांची होती. आधीचा मालक तिच्या दोन्ही अंगांस दुधाच्या बरण्या अडकवून गावोगाव हिंडत असे, त्यामुळे तिच्या बाजूच्या पत्र्यास जागोजाग पोचे आले होते. ते मी अद्याप तसेच ठेवले आहेत.

मी तेव्हा मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरील शाळेत शिक्षक होतो. मोखाडा व जव्हार या दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वे नाही. पाडे डोंगराच्या कुशीत विखुरलेले, रस्ते वळणावळणाचे, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. एस. टी. आमच्या फाट्यावर दिवसातून दोनदा येई, आणि दरड कोसळली की तीही येत नसे. आजाऱ्याला डोलीत घालून, दोघांनी खांदा देऊन डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे लागे; काही पाड्यांवर हे दृश्य अलीकडच्या वर्षांतही पाहावयास मिळते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष या भागाकडे वळले. त्या दुःखाची कारणे पुष्कळ होती. पाडा आणि दवाखाना यांमधील अंतर हे त्यांतील एक होते, याविषयी येथे राहणाऱ्या कोणाच्या मनात शंका नसे. असल्या मुलखात ज्याच्या दारी गाडी आहे, त्याची गाडी ही केवळ त्याची राहत नाही. रात्री-अपरात्री कोणीही येऊन कडी वाजवितो, आणि त्या वेळी “गाडी बिघडली आहे” हे उत्तर देणे फार जड जाते.

म्हणून मी दुरुस्ती शिकलो. हौस म्हणाल तर ती मागाहून आली. जव्हारच्या बाजारपेठेत एक वृद्ध मिस्त्री होते. दर शनिवारी दुपारची शाळा सुटली की मी त्यांच्या गॅरेजात जाऊन बसे. ते मला गुरुजी म्हणत आणि मी त्यांना मिस्त्री म्हणे, परंतु तेथे गुरू कोण व शिष्य कोण हे दोघांसही ठाऊक होते. पहिले दोन महिने त्यांनी माझ्या हाती पाना दिला नाही. कोणी गाडी घेऊन आला की ते मला म्हणत, “गुरुजी, आधी ऐका, मग खोला.” मी ऐके. ‘गाडी मिसिंग मारते’, ‘गाडी उचलत नाही’, ‘क्लच घसरतो’, ‘पिस्टनने धरले’ अशी त्या व्यवसायाची भाषा माझ्या कानी पडू लागली. मराठी घेऊन एम. ए. झालेला मी मनुष्य; परंतु इतक्या थोड्या शब्दांत इतके नेमके सांगणारी भाषा मला पुस्तकांत क्वचितच आढळली आहे.

१८८५ साली जर्मनीत गॉटलिब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी दुचाकी बांधली, तिचा सांगाडा लाकडाचा होता. तेव्हापासून पेट्रोलच्या इंजिनाच्या मागण्या बदललेल्या नाहीत. त्याला हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल हवे, ते पेटविणारी ठिणगी वेळेवर हवी, आणि पिस्टन वर येताना ते मिश्रण चांगले दाबले गेले पाहिजे. गाडी सुरू होत नसेल तर या तिघांपैकी कोणी तरी रुसलेला असतो. कोण, हे शोधून काढणे म्हणजेच निम्मी दुरुस्ती. नवशिका मनुष्य मात्र हाती पाना आला की समोर दिसेल तो बोल्ट फिरवू लागतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी त्याची गत होते. पेट्रोलचा कॉक बंद असतो आणि हे गृहस्थ चुंबकाचे झाकण उघडून बसलेले असतात.

प्लग हा या शोधातला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. दहा-बारा किका मारून प्लग काढावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाही. टाकी, कॉक, नळी, कार्ब्युरेटर या वाटेने शोध घ्यावा. तो ओला असेल तर पेट्रोल येते आहे, पण बहुधा ठिणगी पडत नाही. चालत्या गाडीचा प्लग तर तिच्या प्रकृतीचे सारे वर्तमान सांगतो. टोकाचा रंग बदामी असला म्हणजे गाडी निरोगी. काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त होते आहे किंवा हवेची जाळी धुळीने भरली आहे. आणि टोक पांढुरके पडले असेल तर इंजिन उपाशी राहून तापते आहे, ही गोष्ट अधिक घातक. प्लगच्या दोन टोकांत सुमारे ०.६ मिलिमीटर अंतर असावे लागते. हे मोजण्याची पट्टी बाजारात मिळते, परंतु आमच्या मिस्त्रींनी ती कधी वापरली नाही. लोखंड कापण्याच्या करवतीच्या पात्याची जाडी जवळजवळ तेवढीच असते. ते पाते दोन टोकांत अलगद सरकले की अंतर बरोबर जुळले, असे ते समजत. मीही तेच पाते वापरतो.

कार्ब्युरेटर साफ करणे हे रविवार सकाळचे काम. त्यास उजेड लागतो, वेळ लागतो आणि एक परात लागते. पराती स्वयंपाकघरात असतात, ही अडचण होती. आमच्या घरातून एक परात प्रथम उसनी म्हणून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली नाही. पत्नीने तिच्या काठावर खिळ्याने खूण करून ती कायमची गाडीच्या नावे करून दिली. परातीत सुटे भाग काढले त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडावयाचे आणि जोडताना उजवीकडून डावीकडे उचलीत यावयाचे, एवढा नियम पाळला की शेवटी एखादा स्क्रू शिल्लक राहून मनुष्याची झोप उडत नाही. कार्ब्युरेटरच्या मध्यभागी हवेची वाट अरुंद केलेली असते. अरुंद वाटेने हवा वेगाने धावू लागली की तेथील दाब उतरतो, आणि खालच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून आपोआप वर खेचले जाते. मुलांनो, अत्तराची पिचकारी तुम्ही पाहिली असेल. तिचेही तत्त्व हेच. त्या भोकात कचऱ्याचा एक कण अडकला तरी सबंध गाडी अडून बसते. तो काढण्यासाठी काही लोक तारेने भोक कोरतात. पितळ मऊ असते, भोक मोठे होते, आणि मग गाडी जन्मभर अधिक पेट्रोल पिते. तोंडाने जोरात फुंकर मारावी, नाहीच निघाला तर सायकलच्या पंपाने हवा द्यावी. भाग धुण्यास पूर्वी मी शिधापत्रिकेवरील रॉकेल वापरी, आता डिझेल वापरतो. काहीही वापरले तरी हे काम उघड्यावर करावे आणि जवळपास चूल, विडी किंवा उदबत्तीही असू नये.

या जुन्या गाडीचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टन एकदा वर व एकदा खाली गेला की त्याचे सारे चक्र पुरे होते. त्यात पेट्रोलबरोबरच ऑइल मिसळावे लागते आणि ते ऑइलही जळते. त्याची काजळी सायलेन्सरच्या आतल्या नळीवर थरावर थर धरते, भोके बुजतात, आणि गाडीचा श्वास कोंडतो. चढावर तिची ओढ कमी होते. यावर उपाय म्हणजे सायलेन्सर जाळणे. दर हिवाळ्यात, भात झोडून खळी मोकळी झाली की, मी तो सोडवून अंगणापासून दूर पेंढ्याच्या व लाकडांच्या जाळावर ठेवीत असे. आतली काजळी पेट घेई, नळीतून ज्वाळा निघत, मग थंड झाल्यावर तो ठोकला म्हणजे काळ्या खपल्या ढिगाने गळून पडत. पाड्यावरील मुले या सोहळ्यास जमत आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूस उभी राहत. धूर कोणत्या बाजूने येणार हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक चांगले कळे.

घाटात या इंजिनाची आणखी एक रीत सांभाळावी लागते आणि ती फार थोड्यांना माहीत असते. चढताना इंजिन तापते हे सर्वांस दिसते, परंतु खरा धोका उतरताना. ॲक्सिलरेटर बंद करून, गाडी गिअरमध्ये ठेवून लांब उतार उतरावयास लागलो तर चाकांमुळे इंजिन वेगाने फिरत राहते, पेट्रोल मात्र आत अगदी थोडे जाते. ऑइल पेट्रोलातूनच येत असल्यामुळे तेही तितकेच कमी होते, आणि कोरडा पिस्टन धरण्याचा संभव निर्माण होतो. म्हणून उतारावर मधूनमधून ॲक्सिलरेटर किंचित उघडून इंजिनास तेलाचा घोट द्यावयाचा असतो. ओढा ओलांडल्यावर ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी शिरते आणि ब्रेक दाबला तरी चाक थांबत नाही. पुढच्या वळणाची वाट न पाहता, सपाटीवरच ब्रेक हलका दाबून थोडे अंतर जावे. घर्षणाच्या उष्णतेने लायनर सुकतात. हे लायनर मी वर्षातून दोनदा उतरवितो. जुन्या काळच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांस अपायकारक असते; ती फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. मिस्त्रींच्या पिढीला हे ठाऊक नव्हते. त्यांना अखेरच्या वर्षांत खोकला फार होई. त्याचे कारण हेच होते असे मी म्हणणार नाही, पण लायनर उतरविताना मला त्यांच्या खोकल्याची आठवण होते.

१९९४ सालच्या जुलै महिन्यात एका रात्री दोनच्या सुमारास कडी वाजली. चौथीतल्या एका मुलाचे वडील खांद्यावर मुलाला घेऊन दारात उभे होते. “गुरुजी, पोऱ्याला जनावर चावलं. डोळं उघडत नाय.” मुलगा जमिनीवर निजला होता. दंशाची खूण जेमतेम दिसत होती, सूज नव्हती. पण पापण्या मिटत चालल्या होत्या आणि शब्द जड झाले होते. ही मण्यारीची लक्षणे. तिचे विष हळूहळू श्वास चालविणाऱ्या स्नायूंस दुबळे करते. पाड्यावरील भगतानेच त्याला पाहून “याला दवाखान्यात न्या” असे सांगितले होते, ही गोष्ट मला आवर्जून नमूद करावीशी वाटते. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय आमच्यापासून १८ किलोमीटर दूर होते. मुलाला आम्ही दोघांच्या मध्ये बसविले, त्याच्या वडिलांनी त्याला घट्ट धरले, आणि आम्ही निघालो.

पाऊस धो धो कोसळत होता. सहा-सात किलोमीटरवर एक फरशी होती, तीवरून पाणी वाहत होते. ते अर्ध्या चाकाहून कमी होते आणि ओढ फार नव्हती. पलीकडच्या काठाजवळ पोहोचतो न पोहोचतो तोच इंजिन बंद पडले. आम्ही गाडी ढकलून वर घेतली. मुलाला खोताड पांघरवून दरडीच्या आडोशाला निजविले आणि त्याच्या वडिलांच्या हाती बॅटरी दिली. प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता, म्हणजे टाकीकडे पाहण्याचे कारण उरले नाही. प्लग इंजिनाच्या पात्यांस टेकवून किक मारली, ठिणगी नाही. प्लगवरच्या टोपीत पाणी गेले असणार, हे त्यावरून उघड झाले. माझ्याजवळ तंबाखूच्या एका जुन्या डबीत एक साफ केलेला प्लग, कोरडे फडके आणि पॉलिश पेपरचा तुकडा मेणकापडात गुंडाळून ठेवलेला असे. टोपी पुसली, वायरचे टोक पुसले, नवा प्लग तिला जोडून पुन्हा किक मारली. अंधारात बारीक निळी ठिणगी दिसली. त्या वेळी मुलाच्या वडिलांनी प्रथमच तोंडातून शब्द काढला. “हाय,” ते म्हणाले. प्लग बसवून तिसऱ्या किकला गाडीने सायलेन्सरमधून पाण्याची एक चूळ टाकली आणि ती सुरू झाली. या सगळ्यास सात-आठ मिनिटे लागली असतील.

डॉक्टरांनी सर्पविषावरील लस टोचली. पहाटे मुलाचा श्वास मंदावला, तेव्हा परिचारिका व डॉक्टर यांनी आळीपाळीने रबरी फुग्याने त्याला उजाडून कितीतरी वेळ होईपर्यंत श्वास दिला. खरे श्रेय त्यांचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने डोळे उघडून पाणी मागितले. पुढल्या आठवड्यात त्याच्या वडिलांनी पायलीभर नागली आणून माझ्या ओट्यावर ठेवली, आणि गाडीकडे बराच वेळ पाहून ते निघून गेले.

घरी काय करावे याबरोबरच काय करू नये हेही मला मिस्त्रींनी शिकविले. सिलिंडर घासला असेल तर तो बोअर करण्यास कारखान्यातील यंत्रच हवे. क्रँकचे बेअरिंग वाजू लागले तर ते घरच्या हातोडीने ठोकू नये. चाकाचे आरे ओढून चाक सरळ करणे दिसते सोपे, पण ती बोटांची कला आहे आणि ती सर्वांना येत नाही. मला आली नाही. उलट चेन सैल झाली आहे का हे तर शाळकरी मुलालाही पाहता येते. मधोमध बोटाने उचलली असता ती २० ते २५ मिलिमीटर वर-खाली झाली पाहिजे. काही लोकांना ती ताणून वीणेच्या तारेसारखी करावीशी वाटते. तशी चेन खड्ड्यात तुटते.

खंडेनवमीस आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. जव्हारचा दसरा राजवाड्याच्या थाटामुळे नावाजलेला. माझी खंडेनवमी पाने, पक्कड, पेचकस आणि ती परात एवढ्यांचीच. झेंडूचे फूल करवतीच्या त्या पात्यासही वाहतो.

मी २०१८ साली मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. त्याआधीच, २०१४ साली, ठाणे जिल्ह्यातून आमचा पालघर जिल्हा वेगळा झाला होता. रस्ते पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत आणि पाड्यांवर घरटी नाही तरी चार-पाच घरांमागे एक मोटारसायकल दिसते. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बी. एस. ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, आणि कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारी विजेवर चालणारी योजना आली. तीत परात कामाची नाही. बिघाड झाला तर मिस्त्री तिला यंत्र जोडतो आणि पडद्यावर आकडा वाचतो. या गाड्या कमी धूर सोडतात, कमी पेट्रोल पितात. माझी गाडी हवा अधिक घाण करते, हे मी जाणतो, म्हणून तिला आता महिन्यातून दोनदाच बाहेर काढतो. नियमाप्रमाणे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. परिवहन कार्यालयातील तपासनीस प्रत्येक वेळी तिच्या पोच्यांवरून हात फिरवून पाहतात.

सध्या माझ्यापुढे निराळाच प्रश्न आहे. २०२५ सालापर्यंत पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. उसापासून व धान्यापासून ते होते, त्यामुळे बाहेरून आणावयाचे तेल वाचते, हे चांगलेच आहे. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ओलावा सोडून हवेत दुसरे असते काय? गाडी फार दिवस उभी राहिली तर पाणी व इथेनॉल पेट्रोलातून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, तेथे गंज धरतो; जुन्या गाडीतील रबराच्या नळ्या व वायसर फुगतात किंवा चिरतात. मी नळी बदलली, कार्ब्युरेटरमधील सुईचे टोक बदलले, आणि गाडी उभी ठेवावयाची असेल तेव्हा टाकी रिकामी करून ठेवू लागलो आहे. नवे वायसर नाशिकहून मागविले आहेत. तेथवरचा ८० किलोमीटरचा प्रवास करून ते एस. टी.ने येतील.

ज्या मुलाला मण्यार चावली होती तो आता चाळिशीत आहे. त्याच्याजवळ त्याची स्वतःची गाडी आहे, तीही जुनीच, शंभर घनसेंटिमीटरची, फोर-स्ट्रोक. तीत ऑइल पेट्रोलात घालावयाचे नसते, वेगळे भरावे लागते, हे त्याने मला शिकवावे अशा थाटात सांगितले. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी दोन्ही गाड्यांचे ब्रेक लायनर उतरवावयाचे आमचे ठरले आहे. रविवारी तो सकाळी आठला येईल. परात तयार आहे, ओले फडके तयार आहे. चौदा नंबरचा पाना मात्र सापडत नाही; तो गेल्या आठवड्यात कोणाला दिला हे पत्नीला आठवते, पण तिने अद्याप सांगितलेले नाही.